मागून येणारी गाडी

३ जून

ती. वहिनींना नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, घरात सगळं ठीक आहे. हल्ली पत्र कोण लिहितं, असं म्हणाल. पण फोनवर तुमच्यापुढे माझं एक वाक्य तरी कधी पुरं झालंय का? कागदावर कुणी मधेच तोडत नाही.

बातमी अशी, की मी इलेक्ट्रिक सायकल घ्यायचं म्हणतोय. हसून घ्या, मग पुढचं वाचा.

गुडघ्यांनी संप पुकारलाय. शिलाईचा कारखाना चढावर, घर खाली. माझा धंदा असा, की बिघडलेलं मशीन माझ्याकडे येत नाही, मलाच त्याच्याकडे जावं लागतं. पाठीवर हत्यारांची पिशवी. निम्म्या चढावर उतरतो आणि सायकल ढकलत वर जातो. फाटकाशी सुपरवायझर उभा असतो. परवा अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, मदतीला एखादा तरुण माणूस बघू का?" मदतीला म्हणजे जागेवर, हे कळायला शाळा लागत नाही. मी त्याच कारखान्यात झाडू मारून मशीन शिकलो. कुठलं स्मित कुठल्या नोटिशीच्या आधी येतं, हे मला पाठ आहे.

दुकानात जाऊन आलो. पहिली गाडी इतकी देखणी, की किंमत ऐकून हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. दुसरी घडी होणारी. तिची चाकं एवढीशी, मी बसलो तर सर्कशीतून पळालेलं अस्वल दिसेन. तिसरी खिशाला परवडणारी, पण जड. शिवाय बॅटरी निघत नाही आणि आमच्या जिन्याखाली प्लग नाही. दुकानदार म्हणतो, "काका, तुमच्या वयाला हीच शोभते." मी म्हटलं, "वयाला काठी शोभते. मला सायकल दाखव."

तुम्ही उभा जन्म अपघातांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलात. कोण कसं पडतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सांगा, काय बघून घेऊ?

तुमचा,
भावजी

*

११ जून

प्रिय भावजी,

आशीर्वाद. हसले नाही. पत्र दोनदा वाचलं.

विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे म्हातारी माणसं वेगात असताना पडून कमी यायची. थांबताना आणि उतरताना पडलेलीच जास्त. पाय टेकायला जातात, सीट उंच असते, गाडी कलते, वजन आवरत नाही आणि खुब्याचं हाड जातं. म्हणून सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. मधला दांडा खाली हवा, पाय उंच टाकून चढायची गाडी नको. ब्रेक दाबला की मोटर त्याच क्षणी बंद झाली पाहिजे. बॅटरी काढून वर नेता आली पाहिजे, आणि जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावायची नाही. खाली आग लागली तर तुम्ही दोघं वरून उतरणार कुठून? आणि चालवून बघाल तेव्हा तुमची ती हत्यारांची पिशवी मागे बांधा. रिकामी गाडी सगळ्यांनाच आवरते.

आता माझा प्रश्न. मी मधेच तोडते म्हणता. गेल्या रविवारी मी फोनवर "कसे आहात?" एवढंच विचारलं. तुम्ही तीनदा "हो, हो" म्हणालात आणि फोन बायकोच्या, आपल्या धाकटीच्या हातात दिलात. त्याआधीच्या रविवारी रेंज नव्हती. त्याच्याही आधी हात तेलाचे होते. काय लपवताय?

वहिनी

*

२० जून

ती. वहिनींना नमस्कार.

वॉर्डातून सुटलात तरी तपासणी सुटली नाही तुमची. लपवण्यासारखं काय असणार? फोन जुना झालाय, एवढंच. आणि तो आमच्यापेक्षा तरुण आहे.

तुमच्या सांगण्याप्रमाणे पिशवी बांधून तिसरी गाडी चालवून बघितली. पॅडल मारलं, काही नाही. पुन्हा मारलं, तरी काही नाही. मग एकदम मागून कुणी ढकलावं तशी उसळली. मी दुकानाच्या शटरवर जायचा वाचलो. दुकानदार म्हणतो, स्वस्त गाडीत पॅडल फिरलंय हे मोटरला जरा उशिरा समजतं, सवय होईल. म्हटलं, सवय मला होणार की शटरला? मग त्याने एक गोष्ट दाखवली, ती मात्र आवडली. हँडलवर अंगठ्याने दाबायचा एक लिव्हर असतो. जेवढं दाबाल तेवढीच ओढ. शिलाई मशीनच्या पायाखालच्या पट्टीसारखं. ते माझ्या हाताला समजतं.

एक खटकलं. गाडी अगदी गप्प. मी आवाजावर पोट भरलेला माणूस. मशीनचा मालक खोटं बोलतो, मशीन बोलत नाही. ही बया काहीच बोलत नाही.

चढावर पण नेऊन आलो. चढली छान. एक ट्रक फार जवळून गेला तेवढंच. हे ट्रकवाले हल्ली हॉर्न वाजवतच नाहीत. वाईट सवय.

कारखान्यात गोंगाट फार वाढलाय, म्हणून मी एक नवी युक्ती काढलीये. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं आणि मूठ दातात धरायची. शटल घासतंय की पट्टा सरकतोय, सगळं डोक्यात स्वच्छ वाजतं. पूर्वी मूठ कानाला लावायचो, त्यापेक्षा हे बरं. शिवणाऱ्या मुली म्हणतात, "काकांना भूक लागली, मशीन खायला घेतलं." सुपरवायझर मात्र हसला नाही. लांबून बघत उभा होता. एकदा निवांत "बोलू" म्हणालाय.

तुमचा,
भावजी

*

२८ जून

प्रिय भावजी,

ट्रकवाले हल्ली हॉर्न वाजवत नाहीत, हे तुमचं वाक्य वाचलं आणि उठून पाणी प्यायले. परत येऊन वाचलं, तरी तिथे तेच लिहिलेलं होतं.

तुमचा दादा हेच म्हणायचा. शब्दसुद्धा हेच.

त्याला कमी ऐकू येतं हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. जेवताना त्याच्या नकला व्हायच्या, सगळ्यात झकास तुमची. तो स्वतःच खदखदून हसायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायचा, "मला पाहिजे तेवढं ऐकू येतं." मग ती बस आली, मागून. बसमधले लोक सांगत होते, चालक केव्हापासून हॉर्न वाजवत होता. सायकलवरचा माणूस बाजूलाच होईना.

तुम्ही त्याच वयाचे झालात. नाक तेच, जिद्द तीच. कानही तेच असतील तर?

माझ्यावर रागवा, पण एक करा. धाकटीला तुमच्या पाठीमागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी करा. तिच्या हातात सायकलची घंटी द्या. तिने मनाला येईल तेव्हा वाजवायची आणि तुम्ही ऐकू आली की हात वर करायचा. निकाल मला कळवा. तोवर गाडीचे पैसे भरू नका.

सुपरवायझरची भीती मला समजते. पण तो फार तर काम काढून घेईल.

वहिनी

*

५ जुलै

ती. वहिनींना नमस्कार.

परीक्षा दिली. या वयात हात वर करून उभा राहिलो, शाळेत कधी केला नव्हता एवढा. एकही घंटी चुकली नाही. धाकटीला विचारा हवं तर. ती परीक्षक होती, आणि तुमची माणूस आहे.

दादाचं दादाबरोबर गेलं. त्याची आठवण काढून मला घाबरवू नका, वहिनी. मी आधीच

ते जाऊ द्या.

तिसरी गाडी ठेवायला सांगितली आहे. थोडे पैसे देऊन आलो. अंगठ्याचा लिव्हर तो बसवून देतो म्हणाला. बॅटरीचं काहीतरी बघू. पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकातून सुपरवायझरच्या आधी आत जाईन, मग बघतो तो कुणाला मदतीला ठेवतो ते.

आता हा विषय पुरे.

भावजी

*

६ जुलै

मोठ्या जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार.

बाजाराला म्हणून बाहेर पडले आणि टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहिते आहे. फोन यांच्याच खिशात असतो, तुम्हाला माहीतच आहे. मला दुसरा कुणी सुचेना.

यांनी काल तुम्हाला पत्र टाकलं. सगळ्या घंट्या ऐकू आल्या असं लिहिलं असेल. त्यात खोटं नाही, म्हणजे हात बरोबर वर गेला. पण उभं कुठे राहायचं ते यांनीच ठरवलं. काचेच्या कपाटासमोर. मी म्हटलं, खिडकीकडे तोंड करा ना, वारा तरी लागेल. तर म्हणाले, इथेच बरं आहे.

पहिल्या दोन-तीन वेळा मी वाजवली. हात वर गेला. मग माझ्या मनात काय आलं कोण जाणे, घंटीवर बोट दाबून धरलं आणि नुसतीच वाजवल्यासारखी केली. टक्कनही झालं नाही हो. यांचा हात वर.

पुन्हा तसंच केलं. पुन्हा हात वर. काचेत माझ्याकडे बघत होते. मग मी घंटी पदराआड घेऊन चांगली खणखणून वाजवली. हे शांत उभे.

 "पास झालात," म्हटलं. एवढे खूश झाले, मला चहा करून दिला.

कुकरची शिट्टी, दारावरची थाप, काही नाही. मी मागून हाक मारणं केव्हाच सोडलंय, समोर जाऊन उभी राहते. रात्री झोपेत दचकून उठतात आणि मागे वळून बघतात. मागे भिंत असते.

गाडी पुढच्या शनिवारी घरी येणार. यांना अडवलं तर मोडतील, आणि नाही अडवलं तर काय, ते तुम्हाला मी काय सांगू. काहीतरी करा. पण मी लिहिलं हे कळू देऊ नका.

तुमची,
धाकटी

*

१० जुलै

प्रिय भावजी,

तुम्ही परीक्षेत पास झालात, वाचलं. विषय पुरे म्हणालात, पुरे.

मला फक्त तुमच्या स्क्रूड्रायव्हरबद्दल विचारायचं आहे. मूठ कानाला लावली तर मशीन कमी ऐकू येतं आणि दातात धरली तर स्वच्छ, असं तुम्हीच लिहिलंय. खरं ना?

मी डॉक्टर नाही. पण सुरुवातीला कानाच्या वॉर्डात दोन वर्षं काढली आहेत. तिथे डॉक्टर एक थरथरणारा चिमटा, ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो, आधी कानापुढे धरत, मग कानामागच्या हाडावर टेकवत. हाडावर टेकवल्यावर ज्याला जास्त ऐकू यायचं, त्याचा चेहरा बघून डॉक्टर निवांत व्हायचे. म्हणायचे, आतली नस जिवंत आहे, वाटेत कुठेतरी अडलंय. अशा माणसाचं पुष्कळ काही करता येतं.

दादाने कधी स्क्रूड्रायव्हर दातात धरला नाही. त्याच्या बाबतीत मला हे कधी कळलंच नाही. तुमच्या बाबतीत कळलंय.

शनिवारी गाडी आणायला जाण्याआधी कानाच्या डॉक्टरकडे जा. गाडीचं नंतर बघू. मी हात जोडते आहे, आणि तुमच्यापुढे मी कधी हात जोडलेले नाहीत.

वहिनी

*

१९ ऑगस्ट

ती. वहिनींना नमस्कार.

महिन्याहून जास्त गप्प होतो. रागावलो नव्हतो. लिहायला बसायचो आणि काय काय लिहू नये तेच आठवायचं.

आधी त्या ट्रकचं. तो जवळून गेला नव्हता, वहिनी. तो माझ्या मागे थांबला होता. किती वेळ हॉर्न देत होता देव जाणे. मी आपला मजेत, रस्त्याच्या मधोमध, पॅडल मारत. मग समोरून येणारे लोक माझ्याकडे बघून हात हलवायला लागले, म्हणून वळलो. मागे एवढं मोठं लोखंडी तोंड. ड्रायव्हर खाली उतरला होता, त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, कपाळावर शिरा. एक शब्द मला पोचला नाही. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला दादा दिसत होता. मला वाटलं, त्यालाही शेवटी असंच शांत शांत वाटलं असेल.

त्या दिवसापासून भीती बसली. पण दोन भीतींमध्ये मी कारखान्याची भीती मोठी धरली. आवाजावरून मशीन ओळखणारा माणूस बहिरा झाला हे कळलं, की मला फाटकातसुद्धा कोण उभं करील?

तुमचं पत्र आलं त्या शुक्रवारी डॉक्टरकडे गेलो. एकटा नाही, धाकटी हात धरून होती. चिमटा कानापुढे धरला, म्हटलं कुठे वाजतोय? हाडावर टेकवला आणि डोकं देवळाच्या घंटेसारखं घुमलं. डॉक्टरबाई तुमच्या त्या डॉक्टरसारख्याच निवांत झाल्या. म्हणाल्या, आतलं एक बारीक हाड अडकून बसलंय, हलत नाही. मी म्हटलं, म्हणजे जाम झालंय. हसल्या, "हो काका, जाम झालंय." ही भाषा मला समजते. ऑपरेशनने सुटू शकतं म्हणाल्या, पण कानात हत्यार घालून घ्यायची माझी छाती नाही, सध्या तरी. कानाचं मशीन चालेल. घराण्यात कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं. धाकटीने उत्तर दिलं.

आता कानाचं मशीन घेतलं तर गाडी नाही आणि गाडी घेतली तर कान नाही. दुकानदाराकडे गेलो, सगळं सांगितलं. वाटलं होतं दिलेले पैसे बुडाले. बिचारा भला निघाला, परत द्यायला लागला. म्हटलं, नको, त्याऐवजी मला मोटरचं नुसतं मागचं चाक दे, बॅटरी आणि तो अंगठ्याचा लिव्हर दे. "बसवणार कशावर?" म्हणाला.

धाकटीची सायकल, वहिनी. बोळात गंजत पडली होती. बायकांची, मधला दांडा खाली, दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. तुमच्या सगळ्या अटींत बसते. आठवडाभर खोलली, घासली. नवे ब्रेक टाकले, दाबले की मोटर बंद. बॅटरी कॅरिअरवर, काढून वर नेतो, जागेपणी डोळ्यांसमोर चार्ज करतो. धाकटी म्हणाली, "सायकल माझी आहे, उसनी देते. हँडलला आरसा आणि कानाला मशीन, दोन्ही असतील तरच कुलूप उघडीन." किल्ली कमरेला लावून फिरते आहे.

कानाचं मशीन पुढच्या आठवड्यात मिळेल. सुपरवायझरला अजून काही सांगितलेलं नाही.

तुमचा,
भावजी

*

२६ ऑगस्ट

प्रिय भावजी,

पत्र उशीखाली ठेवलं आहे. वॉर्डात असताना आम्ही नर्सेस अशा बायकांना हसायचो.

माझी भीती अजून गेलेली नाही, आणि जाईल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. मशीन मिळालं म्हणजे लगेच रस्त्यावर निघू नका. आधी घरात लावून बसा. सगळे आवाज एकदम अंगावर येतात, मशीन फेकून द्यावंसं वाटतं, दादाच्या वयाचे कितीतरी पुरुष ते डबीत घालून ठेवायचे आणि डबी कपाटात. तुम्ही तसं करू नका. आणि पहिल्यांदा चढावर जाल तेव्हा आरशावर आणि मशीनवर सगळं सोपवू नका. मान वळवून मागे बघा. लाजू नका.

सुपरवायझरला सांगा. त्याला तुमच्या दातांतला स्क्रूड्रायव्हर दिसलेला आहे. तो काही दूधखुळा नाही.

वहिनी

*

२१ सप्टेंबर

ती. वहिनींना नमस्कार.

डबीत घातलं होतं. एकदाच. चमचा बशीवर पडला आणि मला वाटलं छप्पर आलं. धाकटीने डबी माझ्यासमोर ठेवली आणि पाठ फिरवून उभी राहिली. ती रडत होती, तो आवाज मला मशीन लावल्यावर आला. इतके महिने ती माझ्यामागे अशीच रडत असेल तर? तेव्हापासून झोपेपर्यंत काढत नाही.

घंटीवर बोट ठेवलं होतं, हेही तेव्हाच सांगितलं तिने. एवढी वर्षं संसार केला, ही बाई परीक्षेत कॉपी पकडेल असं कधी वाटलं नव्हतं.

कारखान्यात आधी चालत गेलो. फाटकाशी सुपरवायझर. "काका, कानात हे काय?" म्हटलं, "तू लांबून काय बोलतोस ते ऐकायला." मग सगळं सरळ सांगितलं. त्याने मला आत नेलं, बिघडलेलं एक मशीन चालू केलं आणि म्हणाला, "बोला, काय झालंय?" स्क्रूड्रायव्हर काढला, तर म्हणाला, "तो नको. नुसतं ऐका." ऐकलं. शटल घासत होतं, सुईही वाकडी होती. दुरुस्त करून दिलं. तो म्हणाला, "सोमवारी वेळेवर या." नोकरी राहिली असं धरून चालतो, त्याने तोंडाने म्हटलेलं नाही.

सोमवारी धाकटीने कुलूप उघडलं. चढाला लागलो. अंगठा हळू, मान वळवून वळवून, तुमच्या हुकमाप्रमाणे. आणि निम्म्या चढावर मागून आवाज आला. आधी गुरगुर, मग इंजिन, मग चाकाखाली खडी चिरडते ती. आरशात अजून काही नव्हतं, वळणाच्या पलीकडेच होता तो. वहिनी, माझं धाबं दणाणलं. ब्रेक दाबला, दोन्ही तळवे टेकले, गाडी ओढत रस्त्याच्या पार कडेला, गवतात जाऊन उभा राहिलो. ट्रक वळणावरून आला, हॉर्न दिला, निघून गेला. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हॉर्न वाजवतात, वहिनी. हल्लीही वाजवतात.

गवतात बराच वेळ उभा होतो. दादाशी थोडं बोललो. मग गाडीवर बसलो आणि वर गेलो. परतताना उतारावर पुन्हा भीती वाटली, उद्याही वाटेल. उतरून कडेला उभा राहीन, उशीर झाला तर होऊ दे.

या पत्राला उत्तर पाठवू नका. रविवारी फोन करा. धाकटीकडे देणार नाही, मीच घेईन. आणि ओरडू नका, तुमच्या नेहमीच्या आवाजात बोला. मधेच तोडलंत तरी चालेल.

तुमचा,
भावजी